बागेत क्रेटवर ठेवला की रेंज, हातात घेतला की गायब! फोनच्या अँटेनाची ही काय भानगड आहे?

रानमाळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी राहतो नाशिकला गंगापूर रोडला पण द्राक्षाची बाग दिंडोरी तालुक्यात, वडील तिकडेच असतात. गोडी छाटणी होऊन महिना झालाय, मध्येच पाऊस येऊन जातोय, डावणी रोगाची धास्ती, त्यामुळे सल्लागारांचा फोन म्हणजे सध्या आमच्याकडे वेदवाक्य. परवा ते सांगत होते "दोनशे लिटर पाण्याला..." आणि फोन गेला. पुढचा आकडा कळेना. बाबांनी तीनदा लावला, तिन्ही वेळा हॅलो हॅलो आणि खलास. शेवटी गाडी काढून डांबरी रस्त्यापर्यंत गेले तेव्हा डोस कळला, तोवर फवारणीच्या ब्लोअरवाला पोरगा चहा पिऊन परत येऊन बसलेला.

आता गंमत ऐका. तोच फोन शेडसमोर उलट्या क्रेटवर ठेवला की दोन कांड्या दिसतात. हातात घेऊन कानाला लावला की शून्य. परत क्रेटवर ठेवला, परत दोन. मी स्वतः दहा वेळा करून बघितलं. फोन मागच्या दिवाळीत घेतलाय, चांगला महागातला, दुकानदार म्हणाला होता यात चार चार अँटेना आहेत. आणि बाबांचा जुना बटणाचा डबडा त्याच जागी मस्त चालायचा, हे ते मला रोज ऐकवतात ते वेगळंच. नक्की काय प्रकार आहे हा?

पंचवटी_पासधारक

टॉवरचा प्रॉब्लेम दादा, दुसरं काय. कसारा घाटात आमच्या डब्यात पण हेच, बोगदा आला की सगळे एकदम गप्प. सिम पोर्ट करून बघा.

रानमाळ

टॉवरचा असता तर क्रेटवर पण नसती ना आली रेंज. जागा तीच, सिम तेच, फोन तोच. फक्त हात मध्ये आला.

शंकासुर

चार अँटेना वगैरे सगळं मार्केटिंग हो. एक धड चालत नाही आणि म्हणे चार. २०१० साली आयफोन ४ ला पण हेच झालं होतं, डाव्या कोपऱ्यात बोट लागलं की रेंज जायची, शेवटी कंपनीला लोकांना फुकट कव्हरं वाटावी लागली. पंधरा वर्षांत काही सुधारलं नाही असंच दिसतंय.

एमजीरोडकर

रिपेअरिंगवाला बोलतोय. दादा आधी दोन गोष्टी सांगा, फोन कधी उघडलाय का, डिस्प्ले बॅटरी काही बदललंय का? आणि कव्हर कोणतं आहे?

का विचारतो सांगतो. हल्लीच्या मेटल फ्रेमच्या फोनला कडेने हात फिरवा, वर खाली आणि बाजूला बारीक प्लास्टिकच्या रेघा लागतील. त्या रेघांनी फ्रेमचे तुकडे केलेले असतात आणि ते तुकडे म्हणजेच अँटेना. आत बोर्डावरून छोट्या स्प्रिंगसारख्या पत्त्या त्या फ्रेमला टेकतात, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. कोणी घाईत बॅक पॅनल उचकटलं आणि एक पत्ती दबली किंवा तिच्यावर गमचा थर बसला की संपलं. फोन चालू, सगळं चालू, फक्त रेंज आजारी. माझ्याकडे असे महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि गिऱ्हाईक सिम बदलून बदलून थकलेलं असतं.

रानमाळ

उघडलेला नाही भाऊ, सील आहे तसंच आहे. कव्हर साधंच आहे.

स्मिथचार्ट

मी आठ वर्षं बेंगळुरूला फोनच्या अँटेना टीममध्ये होतो, आता अंबडला वेगळ्याच धंद्यात आहे, पण हा विषय निघाला की हात शिवशिवतात. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

शंकासुर, चार अँटेना खोट्या नाहीत. हा धागा नेमका त्या चारांच्या भांडणाचाच आहे.

पहिली गोष्ट. फोनमधलं ट्रान्समीटरचं सर्किट असं धरून बनवलेलं असतं की पुढे जोडलेली अँटेना त्याला ५० ओहमची दिसेल. तशी दिसली तर दिलेली सगळी पॉवर अँटेनात जाते. नाही दिसली तर काही भाग तिथूनच आपटून मागे येतो. किती येतो त्याचं साधं गणित आहे, व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना ५० ओहमपासून किती ढळली त्याचं माप, २:१ असेल तर नववा हिस्सा परत, ३:१ असेल तर चौथा हिस्सा, ६:१ असेल तर अर्ध्याच्या किंचित वर.

आता हात. आपला हात म्हणजे फोनच्या दृष्टीने खारट पाण्याची पिशवी. ती अँटेनाला चिकटली की अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला सुरात होती तिथून खाली घसरते, आणि ५० ओहम सोडून भलतंच काहीतरी दिसायला लागते. खालच्या बँडला, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला, हे सगळ्यात वाईट. ८५० मेगाहर्ट्झची लाट साधारण ३५ सेंटिमीटरची, फोन जेमतेम १६ सेंटिमीटरचा. तिथे अँटेना म्हणजे ती छोटी पट्टी एकटी नसतेच, फोनचं अख्खं अंग रेडिएट करतं. म्हणजे तुम्ही फोन कुठेही धरा, अँटेनाच धरलेली असते. आणि गावाकडे लांबच्या टॉवरवरून पोचतात ते हेच खालचे बँड, ७००, ८५०, ९००. शहरात २३०० आणि ३५०० वर मजा करणाऱ्याला हे कळतच नाही.

अशा वेळी अँटेना आणि सर्किटच्या मध्ये बसतो तो ट्यूनर. फोन वापरात असतानाच तो मॅचिंग बदलत राहतो.

काकू_कॉलेजरोड

स्मिथचार्ट, छान लिहिताय पण ५० ओहमशी गाडी अडली माझी. मी मराठीची शिक्षिका होते, निवृत्त. मॅचिंग म्हणजे ब्लाउजपीसचं माहितीये फक्त.

रानमाळ

काकू मला असं समजलं. ट्रॅक्टरचं इंजिन एका ठराविक आरपीएमला नीट ओढतं. रिकाम्या रस्त्याला वेगळा गिअर, ट्रॉली भरून चढाला वेगळा. इंजिन तेच, लोड बदललं, मधला गिअरबॉक्स दोघांचं जमवून देतो. हात लागला म्हणजे चढ आला. ट्यूनर म्हणजे आपोआप पडणारा गिअर. बरोबर का स्मिथचार्ट?

स्मिथचार्ट

झकास. फक्त एक सुटलं, चुकीच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरतं पण ताकद आपटून मागे येत नाही. ते बघायचं असेल तर बाजेची जाड सुंभाची दोरी आणि पतंगाचा मांजा एकमेकांना बांधा, एक टोक खिळ्याला, दुसऱ्या टोकाने झटका द्या. लाट गाठीपर्यंत जाते आणि तिथून थोडी मागे फिरते. गाठीपाशी मधल्या जाडीची दोरी घातली की कमी फिरते. ती मधली दोरी म्हणजे मॅचिंग.

यात दोन प्रकार आहेत आणि लोक ते एक समजतात. एक प्रकार बासरीसारखा, अँटेनाच्या पट्टीवर मध्येच स्विच बसवलेले असतात, कोणतं भोक उघडं कोणतं बंद त्यावर पट्टीची लांबी विजेच्या दृष्टीने बदलते आणि सूरच बदलतो. त्याला अॅपर्चर ट्यूनिंग म्हणतात. लहान अँटेना एका वेळी सगळे बँड झाकू शकत नाही म्हणून आजच्या फोनला हे लागतंच. दुसरा प्रकार तुमचा गिअरबॉक्स, तो फीडच्या जागी, म्हणजे सर्किट अँटेनाला जोडतं तिथे बसतो, इम्पीडन्स ट्यूनिंग. त्यात बदलता येणारे कपॅसिटर असतात. काहींमध्ये सिलिकॉनचे स्विच छोटे छोटे कपॅसिटर जोडतात-तोडतात, काहींमध्ये बेरियम स्ट्रॉन्शियम टायटनेट नावाचं सिरॅमिक असतं ज्याला दिलेलं व्होल्टेज बदललं की कपॅसिटन्सच बदलतो. हलणारा पार्ट एक नाही.

निफाडची_थंडी

पण फोनला कळतं कसं की हात लागलाय म्हणून? डोळे थोडीच आहेत त्याला.

स्मिथचार्ट

फार योग्य प्रश्न. सोपी पद्धत म्हणजे तक्ता. कंपनीने लॅबमध्ये आधीच मोजून ठेवलेलं असतं, अमुक बँड, कानाचा स्पीकर चालू, प्रॉक्सिमिटी सेन्सर म्हणतोय समोर काहीतरी आहे, म्हणजे डोकं आणि हात, मग हे सेटिंग लाव. चार्जरची वायर लावली तरी सेटिंग वेगळं, कारण ती वायर पण फोनच्या अंगाला जोडली जाते. घडीच्या फोनला उघडा आणि मिटलेला असे दोन संसार. यात फोन अंदाज करतो, मोजत काही नाही.

दुसरी पद्धत मोजायची. पॉवर जाताना वाटेत एक कपलर बसवलेला असतो, तो जाणाऱ्या लाटेचा आणि परत येणाऱ्या लाटेचा थोडासा नमुना चोरतो. किती परत आली आणि कोणत्या फेजमध्ये आली हे कळलं की अँटेना आत्ता नक्की किती ओहमची दिसतेय हे काढता येतं, मग त्याप्रमाणे कपॅसिटर हलवायचे. बोटं सरकली, परत मोजा. दिवसभर हेच, तुम्ही रील्स बघताय आणि तो बिचारा गिअर बदलतोय.

यात एक मेख आहे आणि ती रानमाळ तुमच्या प्रयोगाशी लागू आहे. परत येणारी लाट मोजायला आधी काहीतरी पाठवावं लागतं. फोन नुसता खिशात पडलेला असताना तो बहुतेक वेळ फक्त ऐकत असतो. तेव्हा मोजणारा ट्यूनर आंधळा, तक्त्यावरच भिस्त. त्यामुळे फोन हातात घेऊन नुसत्या कांड्या बघणं ही अर्धीच परीक्षा झाली. कॉल चालू करून बघायला हवं.

शंकासुर

म्हणजे एवढा ट्यूनर बसवून परत कॉल कट होतोच आहे ना त्यांच्या बाबांचा. मग उपयोग काय?

स्मिथचार्ट

इथेच जाहिरात आणि पदार्थविज्ञान वेगळे होतात. हातामुळे होणारं नुकसान दोन प्रकारचं असतं, एक आपटून परत आलेलं आणि एक हाताने पिऊन टाकलेलं. ट्यूनर पहिलं वाचवतो. दुसरं जगातला कोणताही ट्यूनर वाचवू शकत नाही, कारण ती पॉवर अँटेनातून बाहेर पडलीये, फक्त टॉवरकडे जायच्या ऐवजी तुमच्या तळव्यात जिरली.

आकड्यात सांगतो. ३:१ मिसमॅचचं नुकसान सव्वा डीबी (डेसिबल), ६:१ चं साधारण तीन डीबी, म्हणजे अर्धी पॉवर गेली. मिसमॅच सुधारून ट्यूनर जास्तीत जास्त एवढंच परत देणार, आणि त्यातही स्वतःच्या अंगात काही दशांश डीबी खाऊन, दलालीच म्हणा ना. आणि खालच्या बँडला हात अधिक डोकं मिळून नुकसान १० डीबीच्या घरात जाऊ शकतं. १० डीबी म्हणजे दहावा हिस्सा उरला. मग हिशेब करा ट्यूनरच्या वाट्याला किती येतं.

तरी तो फुकट नाही. मिसमॅचवर पॉवर अॅम्प्लिफायर जास्त करंट ओढतो, तापतो, सिग्नल पण खराब सोडतो. टॉवर तर फोनला सारखं सांगत असतो आवाज वाढव, आवाज कमी कर. शहरात टॉवर जवळ, हाताने नुकसान केलं तर फोन आवाज वाढवून भरून काढतो, तुम्हाला फक्त बॅटरी उतरलेली दिसते. बागेत फोन आधीच गळा काढून ओरडतोय, फोरजीला साधारण २३ डीबीएम म्हणजे २०० मिलीवॉट ही वरची मर्यादा. त्याच्या वर आवाज नाही. तिथे दोन-तीन डीबी म्हणजे कॉल राहणं आणि जाणं यातला फरक.

बाबांच्या बटणाच्या फोनचं कोडं पण इथेच सुटतं. तो बहुधा टूजीवर चालत असणार. जीएसएम ९०० ला फोन २ वॉटपर्यंत ओरडू शकतो, म्हणजे दहापट. सतत नाही, आठातल्या एका वेळेच्या तुकड्यात, पण पोचायचं तर जोर लागतो आणि तो जोर त्या डबड्यात होता. बाबांना सांगा ते चूक बोलत नाहीत.

रानमाळ

हे नका सांगू हो त्यांना, आधीच घरात तो फोन देव्हाऱ्यात ठेवायचा बाकी आहे :)

काकू_कॉलेजरोड

आता चार अँटेनांचं भांडण सांगा. ते राहिलं.

स्मिथचार्ट

हो काकू. आमच्या टीमचं डोकं सगळ्यात जास्त इथेच फिरायचं.

फोनला खाली एक अँटेना, वर एक, बाजूंना आणखी. ३५०० मेगाहर्ट्झला लाट साडेआठ सेंटिमीटरची, चौघी सुखाने लांब लांब बसतात, चार वेगवेगळे प्रवाह ऐकतात, स्पीड चौपट व्हायची शक्यता. पण ८५० ला वरची आणि खालची दोघी एकच अंग वापरतात. म्हणजे एकाच नळावरची दोन घरं. शेजाऱ्याने नळाला मोटर लावली की आपल्याकडे धार बारीक होते ना, तसं. एका अँटेनात घातलेली पॉवर हवेत जायच्या ऐवजी दुसरीत शिरते आणि तिच्या मागच्या सर्किटमध्ये जिरते. आता तुम्ही एकीचं मॅचिंग एकदम परफेक्ट केलंत, कपलर म्हणतोय वा वा काहीच परत येत नाहीये, आणि प्रत्यक्षात ती सगळी शेजारणीकडे चाललीये. परत न येणं म्हणजे पोचणं नव्हे. एकीचा ट्यूनर हलवला की दुसरीचे ओहम बदलतात, दुसरीचा हलवला की पहिलीचे. त्यामुळे सगळ्यांचं मिळून बघावं लागतं, एकीचं थोडं बिघडवून दोघींचं बरं करावं लागतं.

त्यात आणखी एक, फोन बोलतो एका फ्रिक्वेन्सीवर आणि ऐकतो दुसऱ्या. बँड ५ ला बोलायचं ८२४ ते ८४९, ऐकायचं ८६९ ते ८९४. कपलर फक्त बोलण्याचं मोजतो. बोलणं अगदी सुरात आणलं तर ऐकणं बेसूर होऊ शकतं. मधला मार्ग काढावा लागतो. २३०० आणि ३५०० ला ही कटकट नाही, तिथे बोलणं-ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, आळीपाळीने.

आणि सगळ्यात रांगडा उपाय म्हणजे मॅचिंगच्या नादी न लागता अँटेना बदलायची. खालची हाताने झाकली गेली तर बोलायचं काम वरचीला द्यायचं. शंकासुर, आयफोन ४ मध्ये जे झालं त्यानंतर बऱ्याच कंपन्या यावर घसरल्या. आणि तेव्हा कांड्या दाखवायचं गणितच चुकीचं होतं हे कंपनीने स्वतः मान्य केलं होतं, ते लोक विसरतात. कांड्यांना काही सरकारी माप नाही, प्रत्येक कंपनीची कांडी वेगळी.

गेमर_इंदिरानगर

ओह म्हणून फोन आडवा धरून खेळताना पिंग वाढतो का?? दोन्ही हातांनी दोन्ही टोकं झाकली जातात!

स्मिथचार्ट

शाब्बास. वरची पण गेली खालची पण गेली, म्हणून आता बाजूच्या कडांना पण अँटेना देतात. तुम्ही मात्र वायफायवर खेळत असाल तर हे कारण सांगून आईला गुंडाळू नका, घरातला राउटर बघा.

शंकासुर

आणि हाताने प्यायलेलं म्हणता, डोक्याने प्यायलेलं काय? दहापट ओरडणारा फोन कानाला लावायचा म्हणजे...

स्मिथचार्ट

त्यासाठी सार (SAR) मर्यादा आहे, म्हणजे अंगात किती पॉवर जिरू द्यायची त्याची. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून १ ग्रॅम ऊतीवर सरासरी १.६ वॉट प्रति किलो. डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबा, तुमच्या फोनचा आकडा येईल. आणि ट्यूनरचा इथे उलटा पेच आहे. तुम्ही मॅचिंग सुधारलं म्हणजे जास्त पॉवर बाहेर, म्हणजे डोक्यात पण जास्त जाऊ शकते. म्हणून फोन डोकं जवळ आहे कळलं की कित्येकदा पॉवर मुद्दाम कमी करतो. क्रेटवर स्पीकरवर ठेवलेल्या फोनला ती पण अडचण नाही. यापुढे या विषयावर वेगळा धागा काढा, इथे त्याची काशी होईल.

एमजीरोडकर

स्मिथचार्ट साहेब दंडवत. पण मला अजून कव्हरचं समाधान नाही. रानमाळ दादा, फोनचा मागून एक फोटो टाका बरं.

रानमाळ

टाकलाय. साधं सिलिकॉनचं कव्हर आहे बघा. आत ती ट्रॅक्टरच्या होल्डरची चकती आहे तेवढीच.

एमजीरोडकर

कसली चकती???

रानमाळ

अहो ती मॅग्नेटच्या होल्डरबरोबर येते ती, लोखंडी पातळ, फोन आणि कव्हरच्या मध्ये ठेवायची. बाबांना फवारणी करताना फोन समोर लागतो म्हणून ट्रॅक्टरला होल्डर लावलाय.

एमजीरोडकर

घ्या! साधं कव्हर म्हणे. दादा फोटोत चकती सरकून पार खालच्या कडेला गेलीये, रेघेच्या डोक्यावर बसलीये. अर्धा दिवस झाला मी विचारतोय.

पंचवटी_पासधारक

सापडला चोर. टॉवरची माफी मागतो.

स्मिथचार्ट

थांबा, घाईने फाशी देऊ नका. चकती दोषी आहेच, लोखंडाचा तुकडा अँटेनाच्या पट्टीला खेटला की तिचा सूर हलतो, आणि लॅबमधल्या तक्त्यात "खालच्या कडेला चकती" असं कलम नसतं. लॅबमध्ये हाताचे ठराविक साचे असतात, डोक्याचा ठराविक पुतळा असतो. चकतीवाला शेतकरी त्यांनी मोजलेला नाही. पण क्रेटवर पण चकती होतीच ना? तरी दोन कांड्या होत्या. म्हणजे हात अधिक चकती, दोन्ही मिळून. वेगवेगळं मोजा. कांड्या सोडा, सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये दिसते. उणे आकडा असतो, उणे ८५ म्हणजे छान, उणे ११० च्या पलीकडे दम लागतो, उणे १२० ला जवळपास संपलं.

रानमाळ

रविवारी जातोय, करतो.

रानमाळ

मंडळी, अहवाल. सकाळी दहा वाजता, शेडसमोर, क्रेट तोच. आकडा एका जागी पण दोन-चारने नाचत होता म्हणून प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून मधला धरला.

चकती काढून क्रेटवर, उणे १०३. चकती लावून क्रेटवर, १०६. चकती काढून बाबांच्या हातात, १११. चकती आणि हात, ११७ आणि एकदा तर नो सर्व्हिस. मग बाबा म्हणाले तू धर. मी धरला तर चकतीशिवाय १०७! त्याच जागी, तोच फोन. मला वाटलं माझं चुकलं, परत केलं, परत तेच, चारेकचा फरक.

मग नीट बघितलं बाबा धरतात कसा. आयुष्यभर कात्री आणि फावडं धरलेला हात, फोन पण तसाच धरतात, मुठीत. अख्खा तळवा खालच्या भागावर दाबलेला, करंगळी खालून स्पीकरच्या भोकांवर, अंगठा बाजूच्या रेघेवर. मी आपला दोन बोटांत, वरच्या अंगाला. आणि सकाळची फवारणी झालेली त्यामुळे हात ओले.

काकू_कॉलेजरोड

मुठीत धरलेला फोन. किती छान लिहिलंत रे.

स्मिथचार्ट

अप्रतिम प्रयोग, आमच्या टीममध्ये घेतला असता. हे सगळं ऐकण्याच्या बाजूचं मोजमाप आहे एवढं लक्षात ठेवा, बोलण्याच्या बाजूला फोनला किती त्रास होतोय तो आकडा कुठे दिसत नाही. तिथे बहुधा आणखी वाईट असेल, कारण तुमचा फोन टॉवरपेक्षा फार हळू बोलतो. म्हणून तर सल्लागारांचा आवाज येतो आणि बाबांचा जात नाही, मग दोन्हीकडून हॅलो हॅलो.

चार डीबी पकडीचे, तीन चकतीचे. दोन्ही एकत्र आल्यावर बेरीज सरळ होत नाही ते पण तुम्हाला दिसलंच, तुमच्या १०७ वरून बाबांच्या ११७ वर, सातऐवजी दहा गेले, कारण एकदा अँटेना सुरातून ढळली की पुढचा प्रत्येक धक्का जास्त लागतो आणि ट्यूनरचे गिअर संपतात. तोही पाच गिअरचाच डबा आहे, डोंगर चढायला लावला तर काय करणार.

निफाडची_थंडी

मांडवाच्या तारांचं काय? वर एवढं जाळं असतं लोखंडी.

स्मिथचार्ट

थोडाफार फरक पडेलच, पण ओल्या पानांचं छत जास्त खातं. पाऊस पडून गेल्यावर मांडवाखाली जाऊन आणि बाहेर येऊन आकडा बघा. शेडसमोर मोकळं आहे म्हणून क्रेटची जागा चांगली.

एमजीरोडकर

होल्डर पाहिजेच असेल तर मॅग्नेटचा सोडून पकडीचा घ्या दादा, चारही कोपरे मोकळे राहतील असा. चकती फेकून द्या. ठेवायचीच हट्टाने तर बरोबर मध्यभागी चिकटवा, कडेला नको. आणि वायरलेस चार्जिंग असेल तर मध्यभागी पण नको, तापतं.

रानमाळ

चकती फेकली. पकडीचा होल्डर आणला. मूठ काही सुटत नाही, दोन दिवस सांगून बघितलं, दोन बोटांत धरला की त्यांना वाटतं पडेल. म्हणाले "एवढ्या पैशाचा फोन आणि पाहुण्यासारखा धरायचा?" शेवटी ठरलं की सल्लागारांचा फोन आला की क्रेटवर ठेवायचा आणि स्पीकर लावायचा. चार दिवस झाले, एकही कॉल कट नाही, डोस पहिल्या झटक्यात कळतो.

फक्त एक नवीन भानगड झालीये. बाबांचा स्पीकर फुल्ल, सल्लागारांचा आवाज खणखणीत, त्यामुळे बांधापलीकडच्या बागेत सगळं ऐकू जातं. आमचा ब्लोअर सुरू झाला की अर्ध्या तासात तिकडचा पण सुरू, तेच औषध तोच डोस. फी आम्ही भरतोय.

काकू_कॉलेजरोड

मग अर्धी फी मागून घ्या की शेजाऱ्याकडून!

रानमाळ

काकू, शेजारी म्हणजे माझे सख्खे चुलते आहेत. आणि तो डबडा फोन बाबांनी आता त्यांनाच देऊन टाकलाय.